डेसिबलचा आकडा आणि रात्रभराची नोंद

गणपती जवळ आले की ‘डेसिबल’ हा शब्द वर्तमानपत्रात रोज दिसू लागतो. अमुक चौकात १००, तमुक रस्त्यावर ९५. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांमध्ये सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत वर्षानुवर्षं मोजणी करत आले आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळही गणेशोत्सवात आणि दिवाळीत ठिकठिकाणी मोजणी करतं. आकडे छापून येतात, पण वाचणाऱ्याला त्यातून नेमकं काय कळतं? १०० म्हणजे ५० च्या दुप्पट का? तो आकडा एका क्षणाचा की अख्ख्या रात्रीचा? स्पीकरच्या भिंतीपासून दहा फुटांवरचा की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतला?

आता ध्वनिमापक दोन-तीन हजारांतही मिळतो. त्यामुळे सोसायटीतली, वाड्यातली माणसं स्वतःच मोजू लागली आहेत. मोजतात मात्र कशी? आवाज टिपेला पोचला की यंत्र बाहेर काढायचं, पडद्याचा फोटो घ्यायचा आणि तो व्हॉट्सअॅपवर टाकायचा. त्या फोटोला तक्रारीत फारशी किंमत नसते. किंमत असते ती वेळेसकट, जागेसकट, सलग ठेवलेल्या नोंदीला. अशी नोंद ठेवणं अवघड नाही, पण चार-पाच गोष्टी चुकल्या तर रात्रभराची मेहनत पाण्यात जाते.

डेसिबलची बेरीज साधी नसते

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला बारीक चढउतार. कानाला जेमतेम ऐकू येणारा चढउतार आणि कान दुखवणारा चढउतार यांत लाखो पटींचा फरक असतो. एवढी मोठी पट्टी साध्या आकड्यांत मांडणं गैरसोयीचं, म्हणून ती लॉगरिदमने आवळली. हेच डेसिबल. आपल्या कानाला ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज म्हणजे साधारण शून्य डेसिबल.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली आणि १० वाढले म्हणजे दहापट झाली. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण ‘दुप्पट मोठा’ अशी जाणवते. ६० डेसिबलचा एक जनरेटर चालू असताना तसाच दुसरा सुरू केला तर आकडा १२० होत नाही, ६३ होतो. आणि ७० च्या शेजारी ६० चा आवाज सुरू झाला तर बेरीज फक्त ७०.४. म्हणूनच ‘मर्यादेपेक्षा फक्त १० डेसिबल जास्त’ या वाक्यातला ‘फक्त’ हा शब्द फसवा आहे.

अंतराचंही गणित आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ५ मीटरवर १०० असेल तर १० मीटरवर ९४, २० वर ८८, ४० वर ८२. पेठेतल्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परतवतात, तिथे तो इतका उतरत नाही. अंतर न सांगता दिलेला डेसिबलचा आकडा अर्धवट असतो तो यामुळे.

छातीत धडधडतं, पण आकडा लहान दिसतो

ही तक्रार डॉल्बीच्या बाबतीत नेहमी येते आणि ती खरी आहे. आपला कान जाड, खर्जातले आवाज कमी ऐकतो. त्याची नक्कल करण्यासाठी यंत्रात ‘ए’ नावाची चाळणी असते, आणि तिच्यातून गाळून आलेल्या आकड्याला डीबीए म्हणतात. आपले नियम डीबीएमध्येच लिहिलेले आहेत. ही चाळणी १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांच्या, आवाजाला हात लावत नाही, पण ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा करते. ६३ हर्ट्झ म्हणजे सबवूफरचा ठोका, काचा थरथरवणारा. प्रत्यक्षात ८५ डेसिबल असलेला तसा ठोका डीबीएमध्ये ५९ दिसतो.

दुसरी चाळणी ‘सी’. ती त्याच ६३ हर्ट्झवर जेमतेम १ डेसिबल कापते. बहुतेक यंत्रांवर ए आणि सी बदलायचं बटण असतं. नियमासाठी नोंद ए वरच करा, पण मध्ये एक मिनिट सी वर टाकून आकडा वहीत लिहून ठेवा. सी ९५ आणि ए ७२ असा २०-२५ चा फरक आला तर त्रास खर्जाचा आहे. असा खर्ज खिडकी लावून थांबत नाही, भिंतीतूनही आत येतो. अर्जात ही एक ओळ असली तर वाचणाऱ्याला खूप काही कळतं.

गिझर आणि झिरोचा दिवा

नोंद ठेवण्यातली सगळ्यात कळीची कल्पना म्हणजे समतुल्य पातळी. यंत्रावर ती एलईक्यू म्हणून दिसते. आवाज सतत वरखाली होत असतो. तेवढ्याच वेळात तेवढीच एकूण ऊर्जा देणारा एकसारखा आवाज किती डेसिबलचा असता, ते एलईक्यू सांगतं.

विजेच्या बिलाचं उदाहरण घ्या. १५ वॅटचा झिरोचा दिवा रात्रभर ८ तास जळला तर १२० वॅट-तास होतात. २००० वॅटचा गिझर फक्त १५ मिनिटं चालला तरी ५०० होतात. बिल ठरवतो तो गिझर. आवाजातही तसंच होतं, किंबहुना जास्तच.

रात्री १० ते सकाळी ६ या ८ तासांत एखादी गल्ली ४२ डीबीएवर शांत झोपली आहे आणि त्यात १५ मिनिटं ९० डीबीएची मिरवणूक गेली असं समजा. बाकीचे पावणेआठ तास शांतता असूनही त्या रात्रीचं एलईक्यू सुमारे ७५ निघतं.

नोंदीतले आकडे संगणकावर घेऊन सरळ सरासरी काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक. एका तासात ५० मिनिटं ५५ आणि १० मिनिटं ८५ असा आवाज असेल तर साधी सरासरी ६० येते, खरं एलईक्यू ७७ आहे. योग्य रीत अशी: प्रत्येक आकड्याला १० ने भागा, १० चा तितका घात काढा, त्या सगळ्यांची सरासरी घ्या, तिचा १० पायाचा लॉग काढा आणि त्याला १० ने गुणा. एक्सेलमध्ये हे एका सूत्रात होतं.

एलईक्यूच्या जोडीला एल९० हा आकडा हवाच. तासाभराच्या सगळ्या नोंदी मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने उभ्या केल्या, तर शंभरातल्या नव्वदाव्या जागेवरची नोंद म्हणजे एल९०. १०० पैकी ९० वेळा आवाज याच्या वर होता, म्हणजे हा त्या जागेचा मूळचा आवाज. दहाव्या जागेवरची ती एल१०, ती वरचे उंचवटे सांगते.

नियमात काय आहे, आणि ७५ चा गैरसमज

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. हे सगळे आकडे एलईक्यूचे आहेत, एका क्षणाचे नाहीत.

सार्वजनिक जागेतल्या लाउडस्पीकरसाठी वेगळी ओळ आहे: त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल तेवढाच चालतो. इथे ‘कमी असेल ते’ हे शब्द सर्रास गाळले जातात आणि ‘७५ पर्यंत परवानगी आहे’ असं सांगितलं जातं. निवासी भागात दिवसाचे ५५ अधिक १० म्हणजे ६५. मंडपाच्या हद्दीवर मर्यादा तीच, ७५ नव्हे. खासगी जागेतल्या यंत्रणेला हद्दीवर ५ डेसिबलचीच सवलत आहे.

राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ लाउडस्पीकरला सूट देऊ शकतं. आपण नोंद ठेवतो तो दिवस त्या यादीत आहे का, हे आधी पाहून घ्या. नाहीतर तक्रारीचा पायाच ढासळतो.

यंत्र घेताना

जाहिरातीत ‘३० ते १३० डेसिबल’ मोठ्या अक्षरांत असतं, त्याला फारसं महत्त्व देऊ नका. चार गोष्टी पाहा. आयईसी ६१६७२ या ध्वनिमापकांच्या आंतरराष्ट्रीय मानकातला वर्ग १ किंवा वर्ग २ लिहिला आहे का. वर्ग १ महाग आणि प्रयोगशाळेच्या कामाचा, घरच्या नोंदीला वर्ग २ पुरतो. एलईक्यू यंत्र स्वतः काढतं का. नोंदी आत साठवतं का. आणि बाहेरून वीज देता येते का.

तिसऱ्या मुद्द्यात एक खाच आहे. ‘डेटा लॉगर’ असं लिहिलेली स्वस्त यंत्रं बऱ्याचदा ठरलेल्या अंतराने त्या क्षणाचा आकडा तेवढा उचलतात. अंतर एक मिनिट ठेवलं, तर ‘फास्ट’ प्रतिसादावर (आकडा झटपट बदलणाऱ्या सेटिंगवर) यंत्र मिनिटातला सेकंदाच्या आठव्या भागाएवढा क्षण पाहतं आणि बाकीचे ५९ सेकंद सोडून देतं. त्यात हॉर्न, फटाका, ताशाची तड सहज निसटते. असं यंत्र असेल तर अंतर एक सेकंद आणि प्रतिसाद ‘स्लो’, म्हणजे साधारण सेकंदभराचा आवाज धरणारा, ठेवा. दिवसाच्या ८६,४०० ओळी होतात, आकड्यांची फाइल दोन-तीन एमबीच्या वर जात नाही. मात्र यंत्राची स्मृती तेवढी आहे ना, हे आधी पाहा. काही यंत्रं स्मृती भरली की थांबतात, काही जुन्या ओळींवरच नव्या लिहितात.

९४.० दिसलं पाहिजे

नोंदीवर कुणी विश्वास ठेवायचा की नाही, हे या एका पायरीवर ठरतं. कॅलिब्रेटर म्हणजे मुठीत मावणारा एक डबा. त्याला एका टोकाला गोल भोक असतं, आत १००० हर्ट्झचा एकच स्वर, नेमक्या ९४ डेसिबलवर वाजतो. काहींत ११४ चंही बटण असतं.

मायक्रोफोनवरचा स्पंज काढा. मायक्रोफोनचं तोंड भोकात सरळ, हळूच आणि पूर्ण आत घाला. आतल्या रबरी कड्यात ते घट्ट बसलं पाहिजे. तिरकं राहिलं तर हवा निसटते आणि आकडा खाली येतो. अर्ध्या इंचाचा मायक्रोफोन असेल आणि भोक मोठं असेल तर सोबतचं कडं वापरा. बटण दाबून १०-१५ सेकंद आकडा स्थिरावू द्या. पडद्यावर ९३.४ आलं तर यंत्राच्या बाजूचा बारीक स्क्रू छोट्या पेचकसाने फिरवून, किंवा मेनूतून, ९४.० करा. १००० हर्ट्झवर ए आणि सी दोन्ही चाळण्या सारख्याच, त्यामुळे बटण कशावरही असलं तरी आकडा तोच यायला हवा.

हेच सकाळी नोंद थांबवल्यावर पुन्हा करा, पण या वेळी स्क्रूला हात न लावता आकडा फक्त लिहून घ्या. अर्ध्या डेसिबलपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त आला तर त्या रात्रीची नोंद तक्रारीत वापरू नका. कॅलिब्रेटर विकत घेणं परवडत नसेल तर चार सोसायट्यांनी मिळून एक घ्यावा. शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातही विचारून पाहावं.

लावायचं कुठे

आदर्श जागा मोकळी हवी: जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच आणि कुठल्याही भिंतीपासून निदान साडेतीन मीटर लांब. गच्ची किंवा अंगण असेल तर हे जमतं. फ्लॅटच्या गॅलरीत जमत नाही. भिंतीपासून एक-दोन मीटरवर मापक ठेवला की भिंतीवरून परत आलेला आवाज मिळून आकडा साधारण ३ डेसिबल वाढतो. तसं असेल तर जागेचं अंतर लिहा आणि ३ वजा केलेला आकडाही शेजारी द्या. समोरच्याने हरकत घेण्याआधीच तुम्ही ती मान्य केलेली असते.

यंत्र कठड्यावर किंवा टेबलावर आडवं ठेवू नका, कठड्याची थरथर मायक्रोफोनमध्ये शिरते. ट्रायपॉडवर बसवा, पायांखाली जाड रबर किंवा फोमचे तुकडे द्या. एसीचं बाहेरचं यंत्र, पाण्याचा पंप आणि पत्र्याची शेड यांच्यापासून लांब राहा. पत्र्यावर पावसाची सर आली की नोंदीत दुसरं काही दिसत नाही.

स्पंज कायम लावलेला हवा. वारा मायक्रोफोनवर थेट आपटला तर शांत रात्रीही खर्जाचे खोटे आकडे चढतात. सेकंदाला ५ मीटरपेक्षा जोराचा वारा असेल, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या सतत हलत असतील, तर नोंद न केलेली बरी. स्पंज भिजला तर तो वाळेपर्यंत थांबा. कोकणात आणि मुंबईत दमट, खारट हवा मायक्रोफोनची नाजूक पडदी खराब करते. काम झालं की यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

रात्री कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त नोंदी वाया जातात त्या घड्याळामुळे. सेल बदलले की कित्येक यंत्रांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं. दर वेळी सुरू करताना मोबाइलची वेळ बघून सेकंदापर्यंत लावा, आणि दोन्ही पडदे एकत्र दिसतील असा फोटो घ्या. फाइल संगणकावर उघडताना तारीख आणि महिना यांची अदलाबदल होते, ९ जुलैचा ७ सप्टेंबर होतो. तेही तपासा.

सेल पहाटेपर्यंत टिकतीलच असं नाही. पॉवर बँक लावली तर वेगळीच अडचण येते: यंत्र इतकी कमी वीज ओढतं, की काही पॉवर बँका ‘काही जोडलेलं नाही’ असं समजून थोड्या वेळात बंद होतात. आदल्या दिवशी दोन तास चालवून पाहा.

‘मॅक्स’चं बटण चुकून दाबलेलं राहिलं तर यंत्र एकदा चढलेला आकडा सोडत नाही आणि आलेखात रात्रभर सपाट रेघ दिसते. यंत्राचा मोजणीचा पट्टा ३० ते ८० वर ठेवला आणि ढोल आले, तर ‘ओव्हर’ दिसतं आणि ८० च्या वरचं सगळं कापलं जातं. आपोआप पट्टा बदलणारी सोय असेल तर ती चालू ठेवा, नसेल तर अपेक्षित आवाज पट्ट्याच्या मध्यावर येईल असा पट्टा निवडा.

‘मोबाइलवरचं अ‍ॅप चालत नाही का?’

अंदाज घ्यायला चालतं. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने आयफोनसाठी काढलेलं मोफत अ‍ॅप त्यातल्या त्यात भरवशाचं आहे, ते सुमारे २ डेसिबलच्या फरकाने बरोबर येतं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीचा मायक्रोफोन निराळा, त्यामुळे एकच अ‍ॅप दोन फोनवर वेगळे आकडे देतं. मुळात फोनचा मायक्रोफोन बोलणं टिपायला बनवलेला असतो. मोठा आवाज तो आपोआप दाबतो आणि गोंगाट गाळतो. मिरवणुकीत नेमकं हेच नको असतं.

‘इथे रहदारीचाच आवाज ७० आहे, आमचा काय फरक पडतो?’

स्पीकर लावणाऱ्यांचा हा प्रश्न प्रामाणिक असू शकतो, आणि त्याचं उत्तर नोंदीतूनच मिळतं. लाउडस्पीकर वाजत नसताना, त्याच जागी, त्याच वारी आणि त्याच वेळेला आणखी एक नोंद ठेवा. दोन्हींत १० डेसिबल किंवा जास्त फरक असेल तर मूळचा आवाज विसरा, मोजलेलं सगळं लाउडस्पीकरचंच. एकूण ६५ आणि मूळचा ६० असेल तर लाउडस्पीकरचा वाटा सुमारे ६३. फरक ३ पेक्षा कमी असेल तर त्या नोंदीवरून लाउडस्पीकरला बोल लावता येत नाही, आणि हे आपणच मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. पावसाळ्यात कोकणातल्या वाडीत रातकिडे आणि बेडूकच रात्रीचा एल९० वर उचलतात. ‘शांत रात्री’ची नोंदही म्हणूनच त्याच ऋतूतली हवी.

नियमाच्या दृष्टीने मात्र तुलना ठरवून दिलेल्या मर्यादेशी होते, त्या दिवशीच्या रहदारीशी नाही. रस्ता आधीच गोंगाटाचा असला तरी मर्यादा वर सरकत नाही.

पोलिस ही नोंद मानतील का?

कारवाईसाठी पोलिस किंवा प्रदूषण मंडळ आपल्या यंत्राने मोजतात. ते बरोबरही आहे, नाहीतर कुणीही कुठलाही आकडा आणेल. पण त्यांनी कधी आणि कुठे उभं राहून मोजावं, हे तुमची नोंद सांगते. ‘रोज फार त्रास होतो’ या वाक्यावर पथक दुपारी ४ ला येतं, शांतता पाहतं आणि परत जातं. ‘गेल्या १० पैकी ७ रात्री, १०:२० ते ११:०५, पूर्वेकडच्या हद्दीवर’ यावर ते १०:१५ ला येऊ शकतं.

आणखी एका कारणासाठी नोंद उपयोगी आहे. नायॉशच्या शिफारशीनुसार कानावर ८५ डीबीए रोज ८ तासांपर्यंत पडले तर चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ९१ ला २ तास, १०० ला १५ मिनिटं. ढोल-ताशा पथकांचा सराव आठवडे चालतो. पथकाच्या मधोमध उभं राहून एकदा तासाभराचं एलईक्यू घेतलं, तर मुलांना कानात बोळे घालायला लावण्यासाठी वेगळं समजवावं लागणार नाही.

वहीत काय लिहायचं

यंत्र आवाज मोजतं, तो कशाचा होता हे त्याला कळत नाही. २२:४७:१५ ला ५१ वरून एकदम ७८.९ झाले, तो हॉर्न होता, कुत्रं भुंकलं की टेंपोवरचा स्पीकर सुरू झाला, हे फक्त शेजारची वही सांगते. वेळ आणि दोन शब्द पुरेत: ‘२२:४७ हॉर्न’, ‘२२:५२ गाणी सुरू’, ‘२३:१० थांबली’, ‘२३:४० आमच्याच गॅलरीचं दार आपटलं’. आपल्या घरचे आवाज प्रामाणिकपणे लिहा आणि तेवढे सेकंद गणितातून वगळा.

तक्रारीसोबत तीन पानं द्या. पहिल्यावर जागेचा हाताने काढलेला नकाशा: मापक कुठे, स्पीकर कुठे, अंतर किती. दुसऱ्यावर दर तासाचं एलईक्यू, एल९० आणि कमाल आकडा, शेजारी वहीतल्या नोंदी. तिसऱ्यावर यंत्राचं मॉडेल आणि क्रमांक, कॅलिब्रेटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे, हवामान आणि मोजणाऱ्याची सही. मूळ फाइलमधला एकही आकडा न बदलता ती जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. गणित करायचं ते तिच्या नकलेवर.